चार हजार आठशेची गोळी

२००८ च्या सुरुवातीला टारसिव्हा नावाची एक गोळी भारतात ४,८०० रुपयांना मिळत होती. पाकीट नव्हे, एक गोळी. रोज एक घ्यायची, म्हणजे महिन्याचे १ लाख ४४ हजार. पुण्याजवळच्या हिंजवडीतल्या नोकऱ्यांमागोमाग पिंपळे सौदागरच्या शेतांवर सोसायट्या उभ्या राहत होत्या, तो हा काळ. नवरा-बायको दोघंही आयटीत असले तरी फ्लॅटचा हप्ता भरून हे औषध महिनोन्‌महिने चालवणं त्यांना जमलं नसतं. चाकणला कंत्राटावर काम करणाऱ्याच्या घरची गोष्टच वेगळी. आज त्या गोळीतलं मूळ औषध, एर्लोटिनिब, अनेक भारतीय कंपन्यांच्या नावांनी मिळतं. पिंपळे सौदागरच्या कुणाल आयकॉन रोडवरच्या मेडिकलमध्ये ते कपाटात नसतं, पण चिठ्ठी दाखवली तर स्टॉकिस्टकडून मागवून देतात.

मधल्या काळात काय घडलं ते सहसा एका दमात सांगितलं जातं: पेटंट संपलं, जेनेरिक आलं, भाव पडला. एर्लोटिनिबच्या बाबतीत यातला क्रम उलटा आहे. जेनेरिक आलं ते पेटंट पुरतं जिवंत असताना. भाव पडला तो हप्त्याहप्त्याने, आणि त्यातला सगळ्यात मोठा हप्ता पेटंट संपल्याने मिळालाच नाही.

आधी औषधाबद्दल. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचं एक प्रथिन असतं. वाढीचा संदेश आणणारा रेणू बाहेरून त्याला चिकटला की ते पेशीच्या आत विभाजनाचा निरोप धाडतं. हा संदेशवाहक रेणू शोधल्याबद्दल स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये या प्रथिनाच्या जनुकात बारीकसा बिघाड होतो. बहुतेकदा १९ व्या एक्सॉनमधला (एक्सॉन म्हणजे जनुकाचा एक भाग) छोटा तुकडा गळतो, किंवा २१ व्या एक्सॉनमध्ये एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरं येतं. मग दारावरच्या बेलचं बटण दाबलेलंच अडकून बसावं आणि बाहेर कुणी नसताना ती वाजत राहावी, तशी पेशीची अवस्था होते. एर्लोटिनिब आणि त्याच्याच जातकुळीचं गेफिटिनिब ही औषधं या प्रथिनाच्या आतल्या बाजूच्या खाचेत, जिथे पेशीतलं ऊर्जेचं इंधन येऊन बसायचं, तिथे स्वतः जाऊन बसतात. निरोप थांबतो. केमोथेरपी वेगाने वाढणाऱ्या सगळ्याच पेशींना झोडपते. ही गोळी एकाच प्रथिनावर नेम धरते, म्हणून 'टार्गेटेड'. केस सहसा गळत नाहीत. चेहऱ्यावर, छातीवर मुरमांसारखं पुरळ उठतं, जुलाब होतात, नखांच्या कडा सुजतात.

गंमत अशी की अमेरिकेत २००३ मध्ये गेफिटिनिबला परवानगी मिळाली तेव्हा ते नेमकं कुणाला लागू पडतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. काही रुग्णांच्या गाठी झपाट्याने विरघळत, बाकीच्यांना काडीचाही फरक पडत नसे. २००४ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी जनुकातला हा बिघाड शोधला आणि उलगडा झाला. कधीच धूम्रपान न केलेल्यांमध्ये आणि स्त्रियांमध्ये हा बिघाड जास्त आढळतो. 'आमच्या घरात विडीला कुणी हात लावला नाही, मग आईलाच का?' हा प्रश्न ज्या घरात विचारला जातो, तिथेच या गोळीचा उपयोग होण्याची शक्यता अधिक असते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ९०७ भारतीय रुग्णांच्या नमुन्यांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे २३ टक्क्यांमध्ये तो सापडला. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्व आशियात हे प्रमाण याहून बरंच जास्त आहे, युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये कमी.

आता किमतीकडे. गेफिटिनिब आणि एर्लोटिनिब या सख्ख्या बहिणी म्हणाव्यात इतक्या जवळच्या, पण भारतात त्यांचं नशीब वेगळं निघालं. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणं बंद केलं होतं. बनवण्याच्या पद्धतीवर तेवढं मिळे. त्यामुळे दुसऱ्या पद्धतीने तोच रेणू तयार करायला आपल्या रसायनशास्त्रज्ञांना मोकळीक होती, आणि ती त्यांनी पुरेपूर वापरली. पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ए. व्ही. रामाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सदाफुलीपासून व्हिनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही कॅन्सरवरची औषधं काढण्याची पद्धत बसवली आणि सिप्लाने त्यांचं उत्पादन केलं, ते याच काळात. त्याही आधी, १९५४ साली, पवनेपलीकडे पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी क्षेत्रातली देशातली पहिली औषध कंपनी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभी राहिली होती. स्वस्त औषध देशातच बनवायचं ही कल्पना या पट्ट्याला नवी नाही. एचए कॉलनी हे नाव रोज घेणाऱ्यांना तिचा उगम आठवत नाही, इतकंच.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ पासून रेणूवरचं पेटंट परत आलं. गेफिटिनिबचा अर्ज मात्र हैदराबादच्या नॅट्को कंपनीने दिलेल्या आव्हानानंतर २००६ मध्ये पेटंट कार्यालयाने फेटाळला. २०१२ मध्ये अपील मंडळानेही तोच निर्णय कायम ठेवला. आधीच माहीत असलेल्या रेणूंपेक्षा यात पुरेसं नवं काही नाही, असं कारण दिलं गेलं. म्हणजे गेफिटिनिब भारतात पेटंटच्या कुंपणात कधी आलंच नाही. अनेक कंपन्या ते बनवत राहिल्या. मे २०१२ मध्ये सिप्लाने आपल्या गेफिटिनिबची महिन्याची किंमत १०,२०० वरून ४,२५० रुपयांवर आणली.

एर्लोटिनिबचं पेटंट फेब्रुवारी २००७ मध्ये मंजूर झालं; परवान्याने त्याचे हक्क रोश या स्विस कंपनीकडे होते. जानेवारी २००८ मध्ये मुंबईच्या सिप्लाने आपली गोळी आणणार असल्याचं जाहीर केलं. नाव एर्लोसिप, किंमत १,६०० रुपये. रोश दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सिप्लाला मनाई करावी असं म्हणाली. १९ मार्च २००८ ला न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांनी ती नाकारली. पेटंटच्या खटल्यात मनाई द्यायची की नाही हे ठरवताना न्यायालय सहसा दोन कंपन्यांपैकी कुणाचं नुकसान जास्त होईल ते तोलतं. इथे तिसरा पक्ष तागडीत आला: जो न्यायालयात नव्हता तो रुग्ण. गोळी बाजारातून गेली तर त्याचं होणारं नुकसान पैशाने भरून निघणारं नाही, आणि ४,८०० व १,६०० यांतलं अंतर न्यायालयाला डोळ्याआड करता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. एप्रिल २००९ मध्ये खंडपीठाने तो उचलून धरला आणि रोशला पाच लाख रुपये खर्चापोटी भरायला सांगितले. औषधाच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी रोशच्या बाजूने वेगळा अर्ज केलेला होता आणि ही बाब न्यायालयासमोर नीट मांडली नाही, हाही तिच्यावरचा ठपका होता.

पुढची गोष्ट जेनेरिकच्या बाजूने बोलणारे बहुधा सांगत नाहीत. २०१२ मध्ये एकल न्यायमूर्तींनी रोशचं पेटंट वैध ठरवलं, पण सिप्लाची गोळी वेगळ्या स्फटिकरूपातली असल्याने पेटंटचा भंग होत नाही असं म्हटलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये खंडपीठाने हे दुसरं म्हणणं उलटवलं: रेणू तोच, तेव्हा स्फटिक कुठल्याही रूपात असला तरी भंग होतोच. म्हणजे कायद्याच्या हिशेबात शेवटी रोश जिंकली. पण तोवर पेटंटचे चारेक महिनेच उरले होते, म्हणून मनाई दिली नाही, फक्त सिप्लाने विक्रीचा हिशेब द्यावा असं सांगितलं. पुढे दोघांनी आपसात मिटवलं. २०१२ पर्यंत गोळी बाजारात होती ती अंतरिम आदेशाच्या आधारावर. ज्या रुग्णांनी त्या काळात ती घेतली त्यांच्या दृष्टीने अंतिम निकालापेक्षा तो अंतरिम आदेशच मोठा.

तरीही १,६०० रुपयांची गोळी म्हणजे महिन्याचे ४८ हजार. तिपटीने स्वस्त, पण स्वस्त नव्हे. गेफिटिनिबच्या भावाशी ताडून पाहिलं की स्पर्धा किती लागते ते कळतं. एक मूळ कंपनी आणि एक आव्हानवीर असले की भाव थोडा उतरतो. दहाजण उतरले की कोसळतो.

निदान कोसळायला हवा. इथे आपल्या देशातली एक चमत्कारिक गोष्ट येते. फेब्रुवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने कॅन्सरवरच्या ४२ औषधांसाठी आदेश काढला: कंपनी ज्या भावाने माल पहिल्यांदा विकते, त्यावर विक्रीसाखळीचा नफा ३० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. परिणामांचं सरकारनेच दिलेलं उदाहरण एर्लोटिनिबचं आहे. बिरलोटिब या नावाच्या १५० मिलिग्रॅमच्या गोळ्यांची छापील किंमत ९,९९९ वरून ८९१ रुपये ७९ पैशांवर आली. पेमेट्रेक्सेड हे फुप्फुसाच्या कॅन्सरवरचं इंजेक्शन. त्याचा पेमेक्सेल नावाचा ५०० मिलिग्रॅमचा डोस २५,४०० वरून २,५०९ वर आला.

हे आकडे नीट पाहायला हवेत. आणखी कुठलं पेटंट संपलं नव्हतं, कच्चा माल स्वस्त झाला नव्हता, कुणी नवी पद्धत शोधली नव्हती. ३० टक्के पूर्ण धरून ८९१ चा हिशेब उलटा केला, तर ते पाकीट कारखान्यातून सातशेच्या आतच बाहेर पडत असणार. त्याच पाकिटावर ९,९९९ छापलेलं होतं. मधला पैसा संशोधनाला जात नव्हता आणि बनवणाऱ्यालाही मिळत नव्हता. जेनेरिक औषधात कंपनी ग्राहकाला नव्हे, विकणाऱ्याला खूष करते. ज्याच्या पाकिटावर जास्त एमआरपी, ते ठेवण्यात दुकानदाराचा आणि रुग्णालयाचा जास्त फायदा. स्पर्धा होत होती, पण नफ्याचा वाटा कोण जास्त देतो याची. म्हणून 'जेनेरिक उपलब्ध आहे' हे वाक्य अर्धवट आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. कुठल्या दुकानात, कुठल्या छापील भावाला आणि त्यावर किती सूट देऊन, हे पुढे विचारलंच पाहिजे. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या पाकिटांत आजही बराच फरक असतो. रुग्णालयातल्याच दुकानातून औषध घ्यायची सक्ती नाही, असे फलक लावण्याचे आदेश महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेले आहेत. फलक असला तरी पलंगाशेजारी बसलेल्या माणसाला तो वाचायची उसंत नसते, हे खरं. पण रोजची गोळी घरी घ्यायची असते. चिठ्ठी घेऊन दोन-चार मेडिकलमध्ये किंवा सदाशिव पेठेतल्या घाऊक दुकानांत विचारायला इथे वेळ मिळतो, आणि पक्कं बिल, बॅच नंबर पाहून घेता येतो. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी कॅन्सरच्या महागड्या इंजेक्शनांच्या रिकाम्या बाटल्या पुन्हा भरून विकणारी टोळी पकडली होती. बिलाशिवाय मिळणाऱ्या स्वस्ताईपासून लांब राहिलेलं बरं.

'पण स्वस्तातली गोळी तेवढी चालते का हो?' हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो आणि तो रास्त आहे. जेनेरिकला रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत. ते औषध रक्तात मूळ औषधाइतकंच चढतं आणि तितकाच काळ राहतं, हे निरोगी स्वयंसेवकांवर दाखवावं लागतं. त्यासाठी ८० ते १२५ टक्के अशी मर्यादा आहे. या आकड्यांवरून गोळीत २० टक्के औषध कमी असलं तरी चालतं असा समज पसरला आहे, तो चुकीचा. गोळीतल्या औषधाच्या मात्रेचा नियम वेगळा आणि बराच कडक असतो. ८० ते १२५ ही रक्तातल्या मोजणीची मर्यादा. माणसामाणसांतला फरक धरून येणारा अंदाजाचा सगळा पट्टा तिच्या आत बसावा लागतो, त्यामुळे प्रत्यक्ष सरासरीतला फरक पुष्कळच लहान असतो. पाण्यात सहज न विरघळणाऱ्या औषधांसाठी ही चाचणी भारतात एप्रिल २०१७ पासून सक्तीची झाली. गेफिटिनिब आणि एर्लोटिनिब दोन्ही त्यातलीच.

ती नीट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. आणि आपल्याकडे रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेणारे किती! कंपनी बदलल्याने पडणार नाही एवढा फरक पँटोप्राझोलसारख्या गोळीने पडू शकतो, पण ती गोळी चिठ्ठीवर नसते, त्यामुळे डॉक्टरांना कळतही नाही. एर्लोटिनिब रिकाम्या पोटी, म्हणजे जेवणाआधी निदान एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यायचं असतं. गेफिटिनिबला ते बंधन नाही. सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरातून एर्लोटिनिब लवकर बाहेर फेकलं जातं. 'आता होऊन गेलंय, मग सोडून काय उपयोग' म्हणणाऱ्याला हे सांगायला हवं.

गोळी मिळाली, परवडली, तरी ती कुणाला द्यायची हे तपासणीवर ठरतं, आणि आता अडतं ते तिथे. ईजीएफआरमध्ये बिघाड नसेल तर ही गोळी पहिलं औषध म्हणून देणं केमोपेक्षा वाईट ठरतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आशियातल्या मोठ्या चाचणीत ते स्वच्छ दिसलं. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला सगळे 'ब्लॉक' म्हणतात. हा ब्लॉक एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये नेताना नातेवाईकच कुरिअर होतात. त्यात पुरेशा कॅन्सरपेशी नसल्या तर पुन्हा बायोप्सी. फक्त ईजीएफआर पाहायचं की एका दमात अनेक जनुकं, यावर खर्च काही हजार ते काही दहा हजारांच्या घरात जातो. शिवाय त्याआधीचे महिने वाया गेलेले असतात ते वेगळेच. खोकला, वजन घटणं आणि एक्स-रेवर डाग हे आपल्या डोळ्यांना आधी क्षयासारखं दिसतं. सांगवी फाट्याजवळ औंधचं उरो रुग्णालय पिढ्यान्‌पिढ्या क्षयाशी झगडत आलंय, त्यामुळे या भागातल्या माणसाला तो संशय येणं अगदी स्वाभाविक. पण थुंकीत जंतू सापडले नाहीत आणि क्षयाच्या गोळ्यांनी डागही हटला नाही, तर महिने जाऊ न देता बायोप्सीकडे वळायला हवं.

पैशांची सोय करताना एक बारीक गोष्ट कामी येते. विमा नियामकाने २०१९ मध्ये ज्या आधुनिक उपचारांना पॉलिसीतून वगळता येणार नाही असं ठरवलं, त्यांत तोंडाने घ्यायची केमोथेरपी आहे. मात्र कंपन्या तिला वेगळी कमाल मर्यादा घालू शकतात. तेव्हा कंपनीच्या मेडिक्लेमवर विसंबलेल्या हिंजवडीकराने ते पान आधीच वाचावं. ज्याच्याकडे मेडिक्लेम नाही त्याच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधी आहेत. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगारांना ईएसआय, ज्याचं रुग्णालय चिंचवडला मोहननगरात आहे.

या गोळ्यांचा असर कायमचा नसतो. साधारण वर्षभराच्या आत कॅन्सर वाट काढतो, बहुतेकदा त्याच प्रथिनातल्या टी७९०एम नावाच्या नव्या बिघाडामुळे. त्यावर उतारा म्हणून आलेलं ओसिमर्टिनिब आता पहिलं औषध म्हणूनही वापरलं जातं. जुन्या दोन गोळ्यांशी त्याची तुलना झाली तेव्हा आजार आटोक्यात राहण्याचा मध्यम काळ १०.२ महिन्यांवरून १८.९ महिन्यांवर गेला. त्याच्या मुख्य पेटंटचा अर्ज जुलै २०१२ चा आहे, म्हणजे वीस वर्षांची मुदत २०३२ पर्यंत जाते. २०२४ च्या अर्थसंकल्पात त्यावरचं सीमाशुल्क काढलं, त्याच वर्षी जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणला. मदत झाली, पण या सवलती किमतीच्या टक्क्यांत मोजायच्या. जेनेरिकमधली घसरण पटींत मोजावी लागते.

मग ज्याला ओसिमर्टिनिब झेपत नाही त्याने काय करावं? याचं एक उत्तर परळमध्ये सापडलं. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वनिता नरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी ईजीएफआरमध्ये बिघाड असलेल्या ३५० रुग्णांवर चाचणी केली. निम्म्यांना नुसतं गेफिटिनिब, निम्म्यांना गेफिटिनिबबरोबर पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधं. तिन्ही जेनेरिकमध्ये मिळणारी. पहिल्या गटात आजार मध्यमानाने ८ महिने आटोक्यात राहिला, दुसऱ्यात १६. गंभीर दुष्परिणाम दुसऱ्या गटात सुमारे दुप्पट होते, त्यामुळे फार अशक्त माणसाला हे झेपेल का ते डॉक्टरांनी पाहूनच ठरवायचं. जपानमध्येही त्याच सुमारास असाच निष्कर्ष निघाला, आणि पुढे ओसिमर्टिनिबलाही केमोची जोड दिल्याचा फायदा दिसला. परळचे १६ महिने आणि ओसिमर्टिनिबचे १८.९ महिने शेजारी मांडून सरळ वजाबाकी करता येत नाही. चाचण्या वेगळ्या, रुग्ण वेगळे. मुंबईच्या चाचणीत प्रकृती बरीच खालावलेले रुग्णही घेतले होते. ओसिमर्टिनिबची चिठ्ठी हातात पडून खर्चाचा आकडा ऐकल्यावर 'गेफिटिनिबबरोबर केमो आमच्या पेशंटला चालेल का?' हे डॉक्टरांना विचारता येतं. त्या उपचारातल्या पेमेट्रेक्सेड इंजेक्शनाची छापील किंमत एकेकाळी २५,४०० होती.